फ्लोटिंग ब्रिज: तारा बदलल्या की सूर का पळतो आणि तो जागेवर कसा आणायचा

गिटारला नव्या तारा चढवल्या, सहावी तार ट्यूनरवर काटेकोर ‘ई’ला आणली. मग पाचवी, चौथी करत पहिलीपर्यंत आलात आणि सहावी पुन्हा छेडली, तर ती चक्क उतरलेली. ती चढवली, तर बाकीच्या पाचही खाली. अशा काही फेऱ्या झाल्यावर पाहावं तर ब्रिजची मागची बाजू गिटारच्या अंगापासून वर उचललेली, तारा फ्रेटबोर्डपासून लांब गेलेल्या, आणि सूर अजूनही लागलेला नाही. फ्लोटिंग ब्रिजची गिटार नव्याने हातात आलेल्यांचं गाऱ्हाणं बहुधा हेच असतं. पुष्कळजण इथेच कंटाळतात आणि ब्रिजमागे लाकडाचा ठोकळा कायमचा बसवून टाकतात. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा गिटारमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, कामाचा क्रम तेवढा चुकलेला असतो.

इथे खरं तर दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची सरमिसळ केली की दिवस वाया जातो. सूर लागतच नाही, ही एक तक्रार. लागलेला सूर आर्म (ब्रिजला लावलेली, दाबून-ओढून सूर खाली-वर करायची दांडी) वापरल्यावर टिकत नाही, ही दुसरी. पहिलीचं उत्तर मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगांत आहे. दुसरीचं उत्तर शोधावं लागतं, आणि शोध कुठून सुरू करायचा ते नेमक्या किती तारा बिघडल्या यावरून कळतं.

आत काय चाललेलं असतं

हा ब्रिज गिटारला आवळलेला नसतो. त्याच्या पुढच्या कडेची धार गिटारच्या अंगात रोवलेल्या दोन पोस्टच्या, म्हणजे धातूच्या खुंटांच्या, खाचांत टेकलेली असते आणि त्या धारेवर तो पुढेमागे झुकतो. वरून सहा तारा त्याला हेडस्टॉककडे, म्हणजे खुंट्यांच्या टोकाकडे, खेचतात. ब्रिजखाली धातूचा जाड ब्लॉक असतो. त्याला मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा अडकवलेल्या असतात आणि त्या ब्लॉकला नेकच्या दिशेने ओढतात. तारांचा जोर वाढला की ब्रिजची मागची बाजू वर उठते, स्प्रिंगांचा वाढला की खाली बसते. तराजूची दोन्ही पारडी सारखी झाली की ब्रिजची प्लेट गिटारच्या पृष्ठभागाला समांतर राहते.

म्हणून इथे कुठलीही तार एकटी नसते. सहावी चढवली की एकूण ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि उरलेल्या पाच तारा तेवढ्याच सैल पडतात. बोट एका खुंटीवर असतं, पण बदलतात सहाही तारा.

थोडे आकडे पाहिले की हे नीट डोक्यात बसतं. २५.५ इंच स्केलच्या (तारेची वाजणारी लांबी तेवढी असलेल्या) गिटारवर ९-४२ चा (सर्वांत बारीक तार ०.००९ इंच, सर्वांत जाड ०.०४२ इंच) सेट नेहमीच्या ट्यूनिंगला मिळून सुमारे ३८ किलोचा ताण देतो. १०-४६ चा सेट सुमारे ४७ किलोचा. म्हणजे ‘एकच नंबर जाड’ तारा लावल्या तरी ब्रिजवर ८-९ किलोचा जास्तीचा भार येतो, आणि स्प्रिंगा मात्र जुन्याच हिशेबाने लावलेल्या असतात. ब्रिज उचलला जाणारच. उलट, त्याच तारा अर्धा स्वर खाली ‘ई फ्लॅट’ला लावल्या तर ताण सुमारे ११ टक्क्यांनी घटतो, आणि पूर्ण स्वर खाली ‘डी’ला लावल्या तर २० टक्क्यांच्या आसपास. मग ब्रिज मागे बसतो, तारा खाली येतात आणि फ्रेटना घासून खरखरायला लागतात. तारांची जाडी किंवा ट्यूनिंग, दोन्हींपैकी काहीही बदललं तर स्प्रिंगा पुन्हा लावाव्याच लागतात. त्यातून सुटका नाही.

याच समतोलामुळे होणाऱ्या काही गोष्टींना लोक दोष समजतात, त्या आधीच बाजूला काढू. एक तार बेंड करताना (दाबून आडवी खेचून सूर चढवताना) दुसरी वाजत असेल तर ती दुसरी उतरते. तळहात ब्रिजवर जोरात टेकला तर सूर चढतो. एक तार तुटली तर बाकीच्या पाच चढतात, कारण समोरचा ताण कमी झाल्यावर स्प्रिंगा ब्रिजला मागे ओढून घेतात. फ्लोटिंग ब्रिज असेल तिथे हे असणारच. यांवर उपाय शोधत बसू नका; हाताचा दाब हलका ठेवणं आणि बेंडच्या वेळी सोबतची तार थोडी वर दाबून जुळवून घेणं, एवढंच करता येतं.

तारा काढण्याआधी

गिटार सुरात असताना ती आडवी धरून ब्रिजकडे बाजूने पाहा. प्लेट समांतर आहे का? असेल, आणि नव्या तारा त्याच जाडीच्या, त्याच ट्यूनिंगला लावायच्या असतील, तर सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे एकेक तार बदलणं. एक काढा, नवी लावा, साधारण सुरात आणा, मग दुसरी. स्प्रिंगांना हात लावायची गरज पडत नाही.

फ्रेटबोर्ड पुसायचा असेल, तारांची जाडी बदलायची असेल किंवा प्लेट आधीपासूनच तिरकी असेल, तर सगळ्या तारा एकदम काढाव्या लागतात आणि त्यासाठी पाचर लागते. लाकडाची सपाट पट्टी, जुनी प्लास्टिक कार्डं एकावर एक रचून केलेली गड्डी, काहीही चालेल. मऊ कापडात गुंडाळली म्हणजे पॉलिशवर ओरखडे येत नाहीत. तिची जाडी मात्र नेमकी हवी. ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवल्यावर प्लेट समांतर दिसली पाहिजे, ना वर ना खाली. या जाडीवर दहा मिनिटं गेली तरी चालतील, कारण पुढचं सगळं काम याच पट्टीवर बेतलेलं आहे.

नटवर (फ्रेटबोर्डच्या खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर) लॉक असेल तर आधी ते उघडा आणि मगच खुंट्या फिरवा. लॉक बंद असताना खुंटी फिरवली तर तार नटमागेच ताणली जाते, ट्यूनरवर काही हलत नाही, आणि शेवटी ती तुटते. ब्रिजवरचे फाइन ट्यूनरचे (सूर बारीक जुळवायचे) स्क्रू मध्यावर आणून थोडे आणखी सैल करा. ते आत आवळले की सूर चढतो, आणि नव्या तारा उतरण्याकडेच झुकतात, म्हणून चढवायला जास्त जागा राखायची. तार पूर्ण सैल करूनच कापा. ताणलेली तार कापली तर तिचं टोक कुठे जाईल याचा नेम नसतो. डोळ्यांवर चष्मा असलेला बरा.

नवी तार बसवताना

फ्लॉइड रोझ पद्धतीच्या (नट आणि ब्रिज, दोन्हीकडे तार आवळून धरणाऱ्या) ब्रिजमध्ये तारेचा बॉल, म्हणजे टोकाचा गोल मणी, लागत नाही. बॉलजवळचा पीळ संपतो त्याच्या पुढे तार कापायची आणि सरळ टोक सॅडलमध्ये (ब्रिजवर ती तार टेकते त्या तुकड्यात), छोट्या चौकोनी ठोकळ्याच्या पुढे, थेट तळापर्यंत घालायचं. मागचा लांब स्क्रू आवळला की तो ठोकळा तारेला सॅडलच्या भिंतीशी दाबून धरतो. बहुतेक ब्रिजना इथे ३ मिमीची ॲलन की लागते, आणि सॅडल पुढेमागे करण्याच्या स्क्रूला २.५ मिमीची. की पूर्ण आत बसवूनच फिरवा. अर्धवट बसलेली की स्क्रूचे कोपरे खाऊन टाकते आणि मग तो स्क्रू काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.

किती आवळायचं? की घट्ट लागल्यानंतर आणखी थोडंसं. अंगातली सगळी ताकद लावली तर ठोकळ्याला खोल खड्डा पडतो, प्रसंगी सॅडलला चीर जाते. प्रत्येक वेळी तारा बदलताना हे ठोकळे बाहेर काढून बघायची सवय ठेवा. तारेने पाडलेली खाच स्पष्ट दिसत असेल तर ठोकळा फिरवून नवी बाजू तारेकडे करा. सगळ्याच बाजू खराब झाल्या असतील तर नवा घाला. तार ठोकळ्याच्या मधोमध असली पाहिजे. कडेला गेलेली तार आवळताना घट्ट वाटते आणि आर्मच्या पहिल्याच दाबाला सरकते.

काहीजण बॉल खुंटीच्या बाजूला ठेवून तार उलटी ओवतात आणि सॅडलपाशी हवं तेवढं टोक कापतात. ही पद्धत अगदी चांगली आहे. बॉल कापायची कटकट वाचते आणि सॅडलपाशी तार तुटली तर खुंटीवर उरलेल्या लांबीतून थोडी पुढे ओढून तीच पुन्हा लावता येते. नेहमीच्या पद्धतीने लावत असाल तर खुंटीवर दोन-तीन वेढे पुरेत, एकाखाली एक नीट बसलेले.

स्प्रिंगा लावणं

आता मुख्य काम. गिटार पालथी करा, मागचं झाकण काढा. स्प्रिंगांची एक टोकं ब्लॉकमध्ये आणि दुसरी एका दातेरी धातूच्या पट्टीत अडकवलेली दिसतील. ही पट्टी म्हणजे क्लॉ. दोन लांब स्क्रू तिला नेकच्या बाजूच्या लाकडाशी जोडतात. स्क्रू आत गेले की स्प्रिंगा ताणल्या जातात. क्लॉला एक बारीक वायर डाग देऊन जोडलेली असते. ती अर्थिंगची आहे आणि ती तुटली की तारांना हात लावला तरी ॲम्पचा गुंजारव कमी होत नाही. स्क्रूड्रायव्हर घसरून तिला लागणार नाही याची काळजी घ्या. स्क्रूड्रायव्हर मोठ्या टोकाचा फिलिप्स घ्या, कारण हे स्क्रू घट्ट असतात आणि लहान टोक त्यांची खाच घालवतं.

पाचर ब्रिजच्या मागच्या कडेखाली ठेवलेली आहे. क्लॉचे दोन्ही स्क्रू थोडे आत घ्या, म्हणजे स्प्रिंगा गरजेपेक्षा जास्त ओढतील आणि प्लेट पाचरीवर दाबून बसेल. या स्थितीत ब्रिज हलत नाही, त्यामुळे गिटार साध्या, स्थिर ब्रिजच्या गिटारसारखी वागते. सहाही तारा सुरात आणा. एकीचा दुसरीवर परिणाम होणार नाही. सूर लावताना प्लेट पाचरीवरून उचलली जाते आहे असं दिसलं तर स्प्रिंगांचा जोर कमी पडतोय. स्क्रू आणखी आत घ्या.

मग तारा ओढून घ्या. बाराव्या फ्रेटच्या आसपास तार बोटांत धरून फ्रेटबोर्डपासून हळूच वर खेचायची, सोडायची, पुन्हा सुरात आणायची. तार उतरायची थांबेपर्यंत हे चालू ठेवा. वेढ्यांमधली ढील आणि सॅडलवरच्या वळणातली सैल जागा इथेच निघून जाते. ही पायरी गाळून नट लॉक केलं तर तीच ढील पुढचे कित्येक दिवस फाइन ट्यूनर खात राहते आणि शेवटी ते तळाला टेकतात.

तारा सुरात स्थिर झाल्या की क्लॉ सैल करायला घ्या. दोन्ही स्क्रू पाव-पाव फेरा, आलटून पालटून, सारखेच. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पाचर बोटाने हलवून बघा. सुरुवातीला ती जागची हलणार नाही. मग किंचित कुरकुरेल. मग एक क्षण असा येतो की ती कापडासकट अलगद सरकायला लागते, आणि प्लेट मात्र होती तिथेच राहते. तिथे थांबा. तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण आता एकमेकांना नेमके तोलतायत, तेही सूर बरोबर असताना आणि प्लेट समांतर असताना. पाचर काढून घ्या, तारा तपासा. थोडा फरक पडलेला असेल, तो खुंट्यांनी एक-दोन फेऱ्यांत भरून निघतो.

तीन स्प्रिंगा हा नेहमीचा आकडा. क्लॉ लाकडाला टेकला आणि तरी ब्रिज उचललेलाच असेल तर चौथी लावा. उलट क्लॉ इतका बाहेर आलाय की स्क्रूचे मोजकेच आटे लाकडात धरलेले आहेत, तर एक स्प्रिंग कमी करा. स्प्रिंगा मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारख्या राहतील अशा मांडा.

सहा स्क्रूंवर बसणाऱ्या जुन्या धर्तीच्या स्ट्रॅटोकास्टर ब्रिजसाठी प्लेट समांतर ठेवायची नसते. स्ट्रॅटोकास्टर बनवणाऱ्या फेंडर कंपनीच्या शिफारशीनुसार मागच्या कडेखाली १/८ इंच, म्हणजे ३.२ मिमी फट ठेवायची. त्याच मापाची पाचर करा, बाकी पद्धत हीच.

नट लॉक करताना सूर चढतो

ही तक्रार इतकी सर्रास येते की तिला वेगळी जागा द्यायला हवी. सगळं सुरात आहे, नटचे तारा दाबून धरणारे तीन पॅड आवळले आणि तारा वर गेल्या. बहुतेक वेळा कारण नटच्या मागे असतं. नट आणि खुंट्या यांच्यामध्ये तारांवरून जाणारी आडवी दांडी दिसते ना, तिचं काम तारांना नटच्या पृष्ठभागावर सपाट टेकवणं. दांडी उंच राहिली तर तार नटच्या मागच्या कडेला अधांतरी असते, आणि पॅड तिला खाली दाबतो तेव्हा ती ताणली जाऊन चढते. दांडीचे दोन स्क्रू थोडे आत घ्या. तार नटच्या उतारावर पुढून मागपर्यंत टेकलेली दिसली पाहिजे. तारा थोड्या सैल करून हे करा म्हणजे दांडीखाली त्यांना मार बसत नाही. यानंतरही लॉक करताना थोडासा फरक पडतोच, तो फाइन ट्यूनरचा.

सूर लागतो, पण आर्म वापरला की जातो

आता दुसरी तक्रार. इथे पाना हातात घेण्याआधी एक चाचणी करा. तारा ओढून स्थिर झालेल्या, नट लॉक, गिटार सुरात. आर्म पूर्ण खाली दाबा, हळूच मूळ जागी येऊ द्या, आणि सहाही तारा ट्यूनरवर पाहून कागदावर लिहा. पुन्हा सुरात आणा. आता आर्म वर ओढा, सोडा, पुन्हा सहाही लिहा. या दोन ओळींत बहुतेक दोष कुठे आहे ते लिहिलेलं असतं.

एकच तार बिघडत असेल तर दोष त्या तारेच्या वाटेवर आहे: तिचं सॅडल, तिचा ठोकळा किंवा पुरेशी न ओढलेली तार. ब्रिज, पोस्ट, स्प्रिंगा यांना हातही लावू नका. त्यांचा दोष असता तर सगळ्याच तारा बिघडल्या असत्या. शेजारच्या दोन तारा एकत्र बिघडत असतील, म्हणजे सहावी-पाचवी, चौथी-तिसरी किंवा दुसरी-पहिली, तर नटचा पॅड तपासा, कारण एक पॅड दोन तारा धरतो. त्याच्या खालच्या बाजूला खोल चरे पडले असतील तर तो बदलायची वेळ झाली.

तार नटपाशी सरकते की सॅडलपाशी, हे डोळ्यांनी बघता येतं. बारीक टोकाच्या मार्करने तारेवर दोन ठिपके काढा: एक नटच्या पुढच्या कडेला अगदी चिकटून, दुसरा तार सॅडलच्या पकडीतून बाहेर पडते तिथे. आर्म काही वेळा जोरात वापरा आणि भिंगातून पाहा. ज्या ठिकाणी ठिपका आणि धातूची कड यांच्यात फट दिसेल, तिथे तार सरकली. दोन्ही ठिपके जागेवर आणि तरी तार उतरलेली असेल तर ती अजून ताणली जातेय. आणखी ओढून घ्या.

सगळ्या तारा एकाच दिशेने बिघडत असतील तर दोष सामाईक जागी आहे. इथे दिशा बघा. खाली दाबून सोडल्यावर सगळ्या उतरलेल्या राहतात आणि वर ओढून सोडल्यावर सगळ्या चढलेल्या राहतात, याचा अर्थ ब्रिज ज्या बाजूने परततो त्या बाजूला मूळ जागेच्या अलीकडेच थांबतो. कुठेतरी घर्षण आहे. पहिला संशय धारेवर आणि पोस्टवर.

तारा सैल करून ब्रिज बाहेर काढा आणि प्लेटच्या पुढच्या कडेवरच्या दोन धारा उजेडात तिरप्या धरून पाहा. चांगली धार एका बारीक रेषेसारखी दिसते. झिजलेल्या धारेवर चमकणारा सपाट पट्टा दिसतो, कधी नखाला लागणारा खड्डा. पोस्टच्या खाचेतही पाहा. तिथे धातूचा काळा कीस साठलेला असतो. नुसती घाण असेल तर पुसून, खाचेत पेट्रोलियम जेलीचा पुसटसा हात द्या. धार खरोखर झिजली असेल तर घरच्या घरी कानस मारायचा मोह आवरा. दोन्ही धारा नेमक्या सारख्या राहिल्या नाहीत तर ब्रिज तिरका बसतो आणि मग काहीच जुळत नाही. प्लेट बदलणं किंवा जाणत्या कारागिराकडे देणं हाच मार्ग.

धार झिजण्याचं एक मोठं कारण आपल्याच हातात असतं. तारा पूर्ण ताणलेल्या असताना ॲक्शन (तारांची फ्रेटबोर्डपासूनची उंची) कमी-जास्त करण्यासाठी पोस्ट फिरवली तर इतक्या भाराखाली धार पोस्टवर खरवडली जाते. आधी तारा सैल करा, मग पोस्ट फिरवा. दरवेळी सूर पुन्हा लावावा लागतो हे खरं, पण धार वाचते.

धारा ठीक असतील तर पोस्ट स्वतः हलते का ते पाहा. आर्म वर-खाली करताना पोस्टच्या बुडाकडे नजर ठेवा. ती किंचित जरी झुकत असेल, किंवा तिच्या पुढच्या बाजूला लाकडात फट उघडत-मिटत असेल, तर लाकूड दबलेलं आहे. तिथे गोंद ओतून भागत नाही. जुनं भोक कठीण लाकडाच्या खुंटाने भरून पुन्हा पाडून घ्यावं लागतं. हे काम कारागिराचं. त्याआधी नट नेकला धरणारे स्क्रूही तपासून घ्या. ते सैल असतील तर अख्खा नट पुढेमागे हलतो आणि सगळ्या तारा एकत्र भरकटतात, आणि बिचाऱ्या ब्रिजवर आळ येतो. मागच्या पोकळीत एखादी स्प्रिंग लाकडाला घासतेय का, ब्लॉकमधून अर्धवट निसटलीय का, तेही एकदा बघा.

नटला लॉक नसेल तर

१९५४ साली फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरवर आलेल्या ब्रिजमध्ये तार नटच्या खाचेतून मोकळी सरकते. फ्लॉइड रोझ यांनी ती नटपाशीच आवळून टाकली; त्यांचं अमेरिकी पेटंट १९७९ चं आहे. तुमच्या गिटारला लॉक नसेल तर वरची चाचणी वेगळी वाचावी लागते. आर्म दाबून सोडल्यावर तार चढलेली राहिली आणि जोरदार बेंडनंतर उतरलेली राहिली, तर ती नटच्या खाचेत अडकतेय. दाबताना तार सैल पडून खुंटीकडे सरकते आणि परत येताना खाच तिला सोडत नाही. शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासून ग्रॅफाइटची पूड बसवा. एवढ्याने फरक पडला पण पुरेसा नाही, तर खाच तारेच्या मानाने अरुंद आहे. तारा जाड केल्यावर हे हमखास होतं.

शेवटी ॲक्शन आणि इंटोनेशन

ब्रिज तिरका असताना ही दोन्ही कामं करण्यात अर्थ नाही, कारण प्लेट सरळ झाली की दोन्ही बदलतात. नेकच्या बाकाचं काम मात्र सगळ्याच्या आधी. ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या, बाक जुळवणाऱ्या सळईला) हात लावायचाच असेल तर तो स्प्रिंगांच्या आधी लावा.

इंटोनेशनसाठी, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागावा यासाठी, बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर यांची तुलना करा. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. फ्लॉइड रोझवर यासाठी प्रत्येक वेळी तार सैल करावी लागते, सॅडलचा स्क्रू सोडून ते बोटाने सरकवावं लागतं आणि पुन्हा सुरात यावं लागतं. वेळखाऊ काम आहे, पण तारांची जाडी बदलली नाही तर दरवेळी करावं लागत नाही.

वाजवताना तार तुटली तर

इथे घाईत बहुतेकजण एकच गोष्ट करतात: बाकीच्या पाच तारा चढलेल्या ऐकून त्या खाली उतरवतात. तसं करू नका. त्यांच्या खुंट्या, फाइन ट्यूनर, क्लॉ, कशालाही हात लावू नका. तुटलेल्या तारेचा तेवढा एक पॅड सोडा. त्याच जाडीची तार लावा, ओढून घ्या आणि सुरात आणत जा. ती चढत जाईल तसा ब्रिज मागून वर येईल आणि इतर पाच तारा आपोआप खाली उतरत येतील. नवी तार सुरात पोचली की त्याही जवळजवळ होत्या तिथे पोचलेल्या असतात. पॅड आवळा, राहिलेला बारीक फरक फाइन ट्यूनरने काढा. पॅडची दुसरी तार तेवढी पुन्हा एकदा तपासून घ्या, कारण लॉक सोडल्यावर ती थोडी हललेली असू शकते.